सोनाबाई रजवार : घर, मूल आणि माती

हथखोज हे नाव भिलाईबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. पोलाद कारखान्याच्या आधाराने जी लहानमोठी कारखानदारी या परिसरात वाढली, तिची ही वसाहत. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या कराराने भिलाईच्या कारखान्याचा पाया घातला गेला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि भातशेतीचा हा मुलूख पाहता पाहता लोखंडाचा मुलूख झाला. येथे जे घडते ते भट्टीत तापून, साच्यात ओतून, यंत्रावर घासून घडते. अशा ठिकाणी कच्च्या मातीविषयी, भट्टीचे तोंडही न पाहिलेल्या मातीविषयी बोलणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु या छत्तीसगडच्याच उत्तर भागात, सरगुजा जिल्ह्यातील पुहपुटरा नावाच्या खेड्यात, एका स्त्रीने आपल्या घराच्या चार भिंतींत जे निर्माण केले, त्याची दखल घेतल्यावाचून आपल्या काळातील भारतीय कलेचा विचार पुरा होत नाही. तिचे नाव सोनाबाई रजवार.

आई आणि मूल हा चित्रकलेचा फार जुना विषय आहे. राजा रविवर्म्याने १८९३ साली आपली कन्या आणि तिचे मूल यांना समोर ठेवून एक चित्र काढले. बाळाला कडेवर घेतलेली ती तरुण आई चित्राच्या चौकटीबाहेरून येणाऱ्या पित्याकडे बोट दाखवीत आहे. अमृता शेरगिल यांच्या १९३५ मधील ‘मदर इंडिया’त मुलांना जवळ घेऊन बसलेली एक गरीब खेडवळ स्त्री दिसते आणि तिच्या डोळ्यांतील थकवा पाहणाऱ्याच्या मनातून लवकर जात नाही. जामिनी राय यांनी तर आई-मुलाची आकृती इतक्या वेळा काढली, की ती त्यांच्या शैलीची खूणच होऊन बसली. ही सर्व चित्रे थोर आहेत. तथापि त्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. चित्रकार आईकडे बाहेरून पाहत आहे. आई हा त्याचा विषय आहे, आणि चित्र मात्र तिसऱ्याच कोणासाठी, दिवाणखान्यात किंवा दालनात येणाऱ्या रसिकासाठी काढलेले आहे.

सोनाबाईंच्या कामात आई-मुलाची आकृती शोधू जाणाऱ्याची काहीशी निराशा होईल. तेथे पक्षी आहेत, माकडे आहेत, वाघ, हत्ती, गाई, साप आहेत, ढोल वाजविणारे पुरुष आणि हातात हात गुंफून नाचणाऱ्या बायका आहेत, बासरी वाजविणारा कृष्ण आहे. मातृत्व हा त्यांच्या कलेचा विषय नव्हे. ते तिचे कारण आहे. ही कला एका मुलासाठी सुरू झाली आणि प्रारंभी पुष्कळ वर्षे तिला त्या मुलाखेरीज दुसरा प्रेक्षकच नव्हता.

सोनाबाईंचा जन्म १९३०च्या सुमाराचा. रजवार हा सरगुज्यातील शेती करणारा समाज आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास त्यांचा विवाह झाला. पती वयाने बराच मोठा होता. पुष्कळ वर्षे मूल झाले नाही, आणि मूल न होणाऱ्या सुनेला खेड्यात काय ऐकून घ्यावे लागते, हे सांगण्याची गरज नाही. पुढे एक मुलगा झाला. त्याचे नाव दरोगाराम. याच सुमारास पतीने गावापासून दूर, शेतात, स्वतंत्र घर बांधले. घर बांधून झाले आणि सोनाबाईंचे बाहेर जाणे थांबले. कोणाकडे जावयाचे नाही, कोणी यावयाचे नाही. माहेर तुटले, शेजार तर नव्हताच. ही स्थिती सुमारे पंधरा वर्षे टिकली. पतीने असे का केले याविषयी तर्क करण्यात अर्थ नाही. तसे वागण्याचा अधिकार एका माणसाला दुसऱ्यावर होता, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, एवढे मात्र सांगितलेच पाहिजे.

घरात एक लहान मूल होते. त्या मुलाला खेळावयास सवंगडी नव्हते. खेळणी विकत आणावयास बाजार नव्हता, आणि असता तरी आईला तेथवर जाता आले नसते. विहिरीपाशी माती मात्र होती. चिकण, ओली, बोटांना चिकटणारी माती. त्या मातीची सोनाबाईंनी मुलासाठी खेळणी केली. लहान मुलापाशी बसून आईने कणकेची चिमणी करून द्यावी, तितकीच ही गोष्ट साधी होती. महाराष्ट्रातील कोणत्याही घरात पोळ्या लाटताना रडणाऱ्या मुलाच्या हाती असा कणकेचा गोळा दिलेला आढळेल. पुष्कळ आयांच्या बाबतीत ती गोष्ट तेथेच संपते. मूल मोठे होते, शाळेत जाते, आईचे हात दुसऱ्या कामाला लागतात.

येथे ती संपली नाही. खेळण्यांवरून हात भिंतीकडे वळले. या भागातील रजवार स्त्रिया पूर्वीपासून आपली घरे सजवीत आल्या आहेत. सुगीनंतर, पौष पौर्णिमेच्या सुमारास छेरता नावाचा सण येतो, तेव्हा भिंती नव्याने लिंपल्या जातात, पांढऱ्या मातीचा हात दिला जातो, दाराभोवती मातीची उठावदार नक्षी केली जाते. लहानपणी सोनाबाईंनी माहेरी हे पाहिलेले होते. म्हणून त्यांची कला आकाशातून पडली असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण त्यांना कोणी शिकविले नव्हते, आणि भिंती रंगवू लागल्यावर ‘असे नव्हे, असे कर’ म्हणणारी सासू, जाऊ किंवा शेजारीणही जवळ नव्हती. परंपरेची आठवण तेवढी होती, परंपरेचा धाक नव्हता. एकांताने त्यांच्याकडून फार काही हिरावून घेतले. या एका बाबतीत मात्र त्याच एकांताने त्यांना मोकळे ठेवले, असे मान्य करावे लागते. ही कबुली देताना एकांताची तरफदारी होऊ नये याची काळजी घ्यावयास हवी.

आता त्या घराकडे थोडे निरखून पाहू. मध्ये अंगण, भोवती ओसरी आणि खोल्या, अशी त्याची सामान्य रचना. अंगणात उन्हाळ्याचे ऊन थेट येते. सरगुज्यातील वैशाख-ज्येष्ठाचे ऊन काय असते ते छत्तीसगडात राहणाऱ्यांना सांगावयास नको. ओसरीवर मूल खेळते आहे, आणि त्याला सावली हवी आहे. भिंत घातली तर वारा अडतो आणि अंधार होतो. सोनाबाईंनी यावर जो उपाय शोधला, त्याला केवळ सजावट म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी मातीच्या जाळ्या उभ्या केल्या.

ही जाळी कशी होते, ते समजून घेण्यासारखे आहे. बांबू चिरून त्याच्या पातळ कामट्या काढावयाच्या. कामटी ओली असतानाच वाकते. ती वाकवून तिची कडी करावयाची, गवताच्या दोरीने बांधावयाची. अशा कड्या एकीला एक जोडत गेल्या की दोन खांबांमध्ये बसेल असा सांगाडा तयार होतो. मग त्यावर मातीचा लेप. नुसती चिकणमाती वाळताना आकसते आणि तडकते. म्हणून तिच्यात बारीक केलेला पेंढा किंवा भाताचा कोंडा मिसळतात. त्याचे तंतू मातीला धरून ठेवतात. शेणाने पृष्ठभाग गुळगुळीत होतो. कोकणात कुडाची भिंत घालणाऱ्याला या कृतीत नवे काही वाटणार नाही. नवेपणा असा, की कुडात जी पोकळी माती थापून बुजवावयाची, ती सोनाबाईंनी उघडी ठेवली. त्या उघड्या वर्तुळातून वारा येतो आणि ऊन कवडशांच्या रूपाने येते. दिवस वर चढतो तसतसे ते कवडसे जमिनीवरून सरकत जातात. दुपारी एका ठिकाणी असलेली उजेडाची नक्षी तिसऱ्या प्रहरी दुसऱ्याच ठिकाणी गेलेली असते. ज्या घरात नवे माणूस येत नव्हते, त्या घरात निदान एवढी हालचाल तरी दिवसभर होत राहिली.

आणि मग त्या वर्तुळांत वस्ती झाली. कोठे पक्षी येऊन बसला, कोठे माकड लोंबकळू लागले. जाळीच्या खालच्या कडेला बायकांची रांग नाचू लागली. खांबावर साप चढला. या आकृती फार लहान आहेत, काही वीतभर, काही त्याहूनही कमी. त्यांत शरीररचनेचा अभ्यास शोधू नये. हात म्हणजे मातीची वळी, डोके म्हणजे गोळा. परंतु प्रत्येक आकृती काहीतरी करीत असते. ती नाचते, वाजविते, चढते, डोकावते. स्वस्थ उभी राहिलेली आकृती क्वचितच आढळते, आणि एकटी तर जवळजवळ नाहीच. ज्या स्त्रीला वर्षानुवर्षे सोबत नव्हती, तिच्या भिंतीवर सगळेच कोणाच्या तरी सोबतीने आहेत. यावर अधिक भाष्य केले तर त्याची गोडी जाईल.

रंगांचीही अशीच गोष्ट. बाजारातील रंग सुरुवातीला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. स्वयंपाकघर आणि परसू यांत जे हाती येईल, तेच रंग. मसाल्यातून काही मिळाले, झाडपाल्यातून काही, रंगीत मातीतून काही. खाली पांढऱ्या मातीचा हात आणि त्यावर हे रंग सपाट, एकाशेजारी एक, न मिसळता दिलेले. पुढे बाजाराचे तयार रंग आले, तेव्हा निळा अधिक निळा आणि हिरवा अधिक भडक झाला. काही जाणकारांना हा बदल रुचत नाही. पण ज्या बाईने मसाल्याच्या डब्यातून रंग काढले, तिला पुडीतला झळझळीत रंग मिळाल्यावर आनंद झाला असेल तर तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? जुन्याचा सोस बहुधा त्यांनाच परवडतो, ज्यांच्याजवळ नव्याची कमतरता नसते.

चित्र म्हणावे की शिल्प, असा प्रश्न सोनाबाईंच्या कामाविषयी विचारला जातो. उठाव आहे म्हणून शिल्प म्हणावे, तर रंगाशिवाय ते अपुरे दिसते. रंगविलेली भिंत आहे म्हणून चित्र म्हणावे, तर जाळी ही भिंतच नव्हे. या दोन शब्दांतील सीमारेषा कलाशाळेतील वर्गखोल्यांनी आखलेली आहे. घर लिंपणाऱ्या स्त्रीच्या हाताखाली लिंपणे, घडविणे आणि रंगविणे ही एकाच कामाची तीन अंगे असतात. त्यामुळे हा वाद येथेच सोडलेला बरा.

बंधन सैल झाले, मुलगा मोठा झाला, पण घराचे वैभव घरातच राहिले. बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता लागावयास १९८३ साल उजाडावे लागले. छत्तीसगड तेव्हा मध्यप्रदेशाचाच भाग होता. वेगळे राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले. भोपाळ येथे फेब्रुवारी १९८२ मध्ये ‘भारत भवन’ उघडले. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी ती इमारत तलावाच्या उतारावर बांधली, आणि तिच्यातील ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयाची सूत्रे चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्याकडे होती. स्वामीनाथन यांचा आग्रह असा, की शहरातील चित्रकार आणि खेड्यापाड्यांतील कलावंत हे एकाच काळात जगतात, तेव्हा दोघेही सारखेच समकालीन. एकाला ‘आधुनिक’ म्हणून दालनात आणि दुसऱ्याला ‘लोककला’ म्हणून पुराणवस्तूंच्या कोठारात टाकणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी तरुण कलावंतांची पथके राज्यभर धाडली. पाटणगढचा जनगढसिंह श्याम याच शोधातून पुढे आला, आणि पुहपुटऱ्याच्या सोनाबाईही याच शोधातून.

पथकाने जे पाहिले त्याने ते थक्क झाले असणार. घरातील काही काम भोपाळला नेण्यात आले. त्याच वर्षी सोनाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे त्यांनी अमेरिकेचाही प्रवास केला आणि तेथील लोकांसमोर माती कालवून काम करून दाखविले. पंधरा वर्षे ज्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता, त्या समुद्र ओलांडून गेल्या, असे एखाद्या वृत्तपत्राला शोभणारे वाक्य येथे सहज लिहिता येते. वास्तविक या प्रवासापेक्षा त्याच्या आधी घडलेली एक लहान गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे.

ती गोष्ट म्हणजे काम भिंतीपासून वेगळे होणे. ज्या जाळीतून एका विशिष्ट अंगणाचे ऊन गाळले जात होते, ती जाळी संग्रहालयात उभी केली की तिच्यातून विजेच्या दिव्याचा प्रकाश जातो. तो सरकत नाही. तेथे मूल खेळत नाही आणि हात लावण्यास मनाई असते. मुलाने हाताळावे म्हणून जे जन्मले, त्याला हात लावू नये अशी पाटी शेजारी येते. यात संग्रहालयाचा दोष नाही. न नेते तर सोनाबाईंचे नाव आज कोणाला माहीत झाले असते? तरीही काहीतरी मागे राहिले, हे खरे. संग्रहालयात गेल्यावर आपण जे पाहतो ते मूळ कामाचा एक अंश असतो, एवढे भान ठेवून पाहिले तर ते पाहणे अधिक फलदायी होईल.

कलासमीक्षक ज्योतींद्र जैन यांनी १९९८ साली ‘अदर मास्टर्स’ या ग्रंथात भारतातील पाच समकालीन लोक आणि आदिवासी कलावंतांची ओळख करून दिली. त्या पाचांत सोनाबाई आहेत. त्याच पाचांत आपल्या ठाणे जिल्ह्याच्या, आता पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे हे वारली चित्रकार आहेत, आणि मिथिलेच्या गंगादेवीही आहेत. या तिघांच्या आयुष्यांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक चमत्कारिक साम्य ध्यानात येते.

वारल्यांत लग्नाच्या वेळी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. तो लिहिण्याचा मान सवाष्णींचा. मध्यभागी पालघट देवी असते. ती धान्याची आणि अपत्यांची माता. म्हणजे ही चित्रकला मुळात बायकांची आणि मातृत्वाच्या पूजेची. पुरुष असून जिव्या तिच्याकडे कसा वळला? त्यांची आई ते लहान असतानाच गेली. त्या आघाताने मुलाचे बोलणे थांबले, आणि पुढे पुष्कळ काळ ते जमिनीवरच्या धुळीत रेघा काढून आपले म्हणणे सांगत राहिले. ते मूल मोठे होऊन आईच्या जातीची, म्हणजे बायकांची कला हातात घेते, आणि १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकारामुळे जगापुढे येते. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ साली त्यांचे निधन झाले. हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी, १९६६-६७च्या बिहारमधील दुष्काळात, मिथिलेत कागद घेऊन गेले होते. भिंतीवर काढता ते कागदावर काढा, म्हणजे चार पैसे मिळतील, असे तेथील बायकांना समजावणे हे त्यांचे काम होते. मुंबईच्या या अबोल माणसाचे ऋण भारतीय लोककलेवर किती आहे, याचा हिशेब मराठी वाचकांनीही अद्याप नीटसा मांडलेला नाही. गंगादेवींच्या वाट्याला पतीच्या दुसऱ्या विवाहाचे दुःख आले, आणि त्यांनी पुढे ‘मानव जीवन’ या चित्रमालिकेत जन्मापासूनचे सर्व संस्कार, बाळंतघरासकट, रेषेत आणले. आणखी एक उदाहरण शहरातल्या चित्रकाराचे देता येईल. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांची आई ते दोन वर्षांचेही नसताना वारली. आईचा चेहरा त्यांना कधी आठवला नाही. मदर तेरेसांवरील त्यांच्या चित्रमालिकेत निळ्या काठाचे पांढरे लुगडे आहे, कुशीतले मूल आहे, आणि चेहऱ्याच्या जागी नुसती पोकळी आहे.

जिव्या आणि हुसेन यांना आई नव्हती, म्हणून त्यांनी चित्र काढले. सोनाबाईंजवळ मूल होते आणि मुलाला देण्यास दुसरे काही नव्हते, म्हणून त्यांनी माती हाती घेतली. अभावातून आलेली कला आणि देण्यातून आलेली कला यांत फरक पडतो तो येथे. हुसेन यांच्या चित्रात दुःखाला जागा आहे. सोनाबाईंच्या भिंतीवर दुःखाला जागाच ठेवलेली नाही, कारण समोर जे मूल होते त्याला दुःख दाखवून चालणार नव्हते. आईला स्वतःचे रडू मुलापासून लपवावे लागते, आणि ते लपविण्यासाठी ती मुलाला चिऊ-काऊ दाखवू लागते. सोनाबाईंच्या आनंदी माकडांकडे आणि नाचऱ्या बायकांकडे पाहणाऱ्याने त्यांना भोळ्या ग्रामीण मनाचा सहज उल्लास समजू नये. तो कमावलेला आहे.

या ठिकाणी आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. सोनाबाईंची कथा सांगताना मातेची महती गाण्याचा मोह होतो. आईच्या मायेने तुरुंगाचेही नंदनवन केले, असे म्हटले की ऐकणाऱ्याला बरे वाटते आणि तुरुंगाविषयी काही बोलावे लागत नाही. हथखोजसारख्या वसाहतीत, कामगारांच्या घरांत, पुरुष पाळीवर गेल्यानंतर लहान मुलासह दिवसभर एकट्या राहणाऱ्या तरुण स्त्रिया थोड्या नसतील. गाव दूर, भाषा निराळी, शेजारी अनोळखी. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी माणसे या मुलखात येत राहिली आणि कारखान्यांच्या काळात आणखी आली. त्यांच्याही सुनांनी हे दिवस काढले आहेत. त्यांतील प्रत्येकीने सोनाबाईंसारखे काही निर्माण करावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. करूही नये. तशाच कोंडीत सापडलेल्या आणि ज्यांच्या हातून भिंतीवर काहीच उमटले नाही अशा स्त्रियांची संख्या मोजण्याचे साधन कोणाजवळ नाही. सोनाबाईंचे यश त्या कोंडीचे समर्थन ठरू शकत नाही. ते त्यांचे स्वतःचे आहे.

उत्तरायुष्यात एक गोष्ट अशी घडली, की जिची कल्पना त्या घरात माती कालवणाऱ्या तरुण आईला आली नसती. त्यांचे काम पाहण्यासाठी आणि शिकण्यासाठी माणसे येऊ लागली. गावातील व आसपासच्या रजवार स्त्रियांनी, आणि काही पुरुषांनीही, त्या जाळ्या आणि त्या आकृती आपल्याशा केल्या. सरकारी योजनांतून प्रशिक्षण सुरू झाले. आज ‘रजवार भित्तिकला’ म्हणून जी ओळखली जाते, तिचा मोठा भाग एका घरात, एका स्त्रीने, कोणाला दाखवावयाचा हेतू नसताना शोधलेल्या युक्त्यांतून आलेला आहे. परंपरा नेहमी पुष्कळ जणांनी मिळून आणि शेकडो वर्षांत घडविलेली असते, ही समजूत या उदाहरणापुढे टिकत नाही. कधी तिचा आरंभ एखाद्याच माणसापाशी असतो, आणि आपण केवळ नाव विसरलेलो असतो. सर्वांपासून दूर ठेवलेली बाई सर्वांची गुरू झाली. या वाक्यात न्याय झाल्याचे समाधान असले, तरी या शिकलेल्या कामांतील सर्वच काही उत्तम नाही, हेही नमूद केले पाहिजे. मागणीप्रमाणे, मापाप्रमाणे, फळीवर बसवून केलेल्या जाळीत वर्तुळे नेटकी असतात, पक्षी नेमके मध्यभागी बसतात. सोनाबाईंचा पक्षी बहुधा कडेला बसतो आणि कोठेतरी दुसरीकडेच पाहत असतो.

मुलगा दरोगाराम आणि सून राजेनबाई दोघेही या कामात तयार झाले. ज्याच्यासाठी खेळणी केली, त्यानेच मोठेपणी ती करण्याचा वसा घेतला. सोनाबाईंचे निधन २००७ साली झाले. अमेरिकेतील कलाअभ्यासक स्टीफन हायलर यांनी त्यांच्यावर लिहिलेला ग्रंथ दोन वर्षांनी प्रसिद्ध झाला, आणि सॅन डिएगो येथील मिंगेई संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. मराठीत त्यांच्याविषयी फार थोडे लिहिले गेले आहे.

या कामाच्या टिकण्याविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. भिलाईचे पोलाद रुळांच्या रूपाने देशभर पसरले आहे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. न भाजलेल्या मातीचे आयुष्य पावसाळ्यावर मोजले जाते. ओल चढली की लेप सुटतो, कामटीला कीड लागते, रंग फिका पडतो. म्हणून दरवर्षी सुगीनंतर हात फिरवावा लागतो. तडा बुजवावयाचा, गळलेले बोट नवे लावावयाचे, पांढऱ्या मातीचा पातळ हात द्यावयाचा, रंग पुन्हा भरावयाचा. असे करताना आकृती थोडी बदलते. गतवर्षीच्या माकडाची शेपटी या वर्षी वर वळलेली असते. संग्रहालयात हे करता येत नाही, तेथे तडा हाही जतन करावयाचा असतो. आणि विहिरीकाठच्या मातीची ती पहिली खेळणी, ज्यांपासून हे सर्व सुरू झाले, त्यांच्याविषयी एवढेच म्हणता येईल, की कच्च्या मातीचे खेळणे लहान मुलाच्या हातात फार दिवस टिकत नाही. ते मोडते, आणि मूल दुसरे मागते.